मरणाचे कारण की मरणाचे निमित्त?

माझी एक मावसबहीण गेली पंचवीस वर्षे न्यू जर्सीत राहते. दोन-तीन वर्षांतून एकदा, मे महिन्यात, ती पुण्यास येते. आल्यावर पहिले दोन दिवस आमरस, नातेवाइकांची आजारपणे आणि कोणाचा वाडा बिल्डरने घेतला याची चौकशी यांतच जातात. मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे चहाचे कप घेऊन गच्चीवर जातो, आणि खरे बोलणे तेव्हा सुरू होते. यंदा तिने हातातला चहा गार होऊ दिला आणि एकाएकी म्हणाली,

"दादा, एका घरातला मुलगा गेला. त्याच्या मरणाबद्दल दुसऱ्या घरातला मुलगा तुरुंगात गेला. दोघांच्याही आया माझ्या मैत्रिणी. मी कोणाच्या घरी जायचं?"

मी मराठीचा अध्यापक. वर्गात पोरे कसलेही प्रश्न विचारतात आणि त्यांना काहीतरी उत्तर देण्याची सवय जडलेली असते. पण या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी नुसते "झालं काय?" एवढेच विचारले.

झाले होते ते असे. ही दोन्ही मुले विशीच्या उंबरठ्यावरची. एकाच रस्त्यावर वाढलेली, शाळेच्या एकाच पिवळ्या बसने गेलेली, रविवारच्या मराठी शाळेत मागच्या बाकावर बसून एकमेकांना टपल्या मारलेली. कॉलेजच्या सुट्टीत एके रात्री दोघांना दुखण्यावरच्या गोळ्या घेऊन पाहण्याची लहर आली. पूर्वीही एकदोनदा त्यांनी तसे केले होते म्हणे. फोनवरून एकाशी बोलणे झाले. एक मुलगा गाडी घेऊन गेला, गोळ्या घेऊन आला; दुसरा आपल्या घरी तळघरातल्या खोलीत टीव्ही लावून वाट पाहत बसला होता. दोघांनी गोळ्या घेतल्या आणि सामना पाहता पाहता दोघे झोपले. सकाळी जो आणावयास गेला होता तो जागा झाला. ज्याने वाट पाहिली होती तो जागा झाला नाही.

त्या गोळ्या औषधाच्या कारखान्यातल्या नव्हत्याच. रंग तोच, आकार तोच, वर ठसाही तोच. पण आत फेंटानिल. हेरॉईनहून सुमारे पन्नासपट जहाल असे हे रसायन. त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण होतील एवढेसे, माणसाचा जीव घेऊ शकतात. मेंदूच्या तळाशी श्वास चालता ठेवणारे जे केंद्र आहे ते या जातीच्या औषधांनी मंदावते. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. घोरत पडला आहे असेच शेजारच्याला वाटते. मग घोरणेही थांबते. मावसबहीण म्हणाली, "त्याची आई रात्री दोनदा जिन्यापर्यंत आली होती. घोरणं ऐकलं आणि निश्चिंतपणे परत गेली."

आता जो जगला त्याच्यावर जो आरोप ठेवला गेला, तो ऐकून मी चमकलो. नुसत्या गोळ्या बाळगल्याचा किंवा दिल्याचा नव्हे, तर मरणाचा! न्यू जर्सीत १९८७ पासून असा कायदा आहे, की मादक द्रव्य ज्याने दिले, त्या द्रव्याने घेणारा मेला, तर देणारा त्या मृत्यूस जबाबदार. गुन्हा पहिल्या श्रेणीचा. म्हणजे दहा ते वीस वर्षांची कैद. त्याचा हेतू काय होता, त्याला आत काय आहे ते ठाऊक होते काय, हे विचारण्याचे कारण नाही. मरणाऱ्याने ते आपण होऊन, आपल्या हाताने घेतले, हाही बचाव चालणार नाही असे त्या कायद्यात स्पष्टच लिहिले आहे. या मुलाने शेवटी वकिलाच्या सल्ल्याने कमी गुन्ह्याची कबुली देऊन तडजोड केली आणि काही वर्षांची शिक्षा पत्करली.

मावसबहीण जूनमध्ये परत गेली. पण तिचा प्रश्न माझ्या गच्चीवर राहिला. कायदा हा माझा विषय नव्हे. तरी त्या सुट्टीत मी हाती लागेल ते वाचीत सुटलो. जे वाचले त्यातले थोडेसे आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे. फराळाच्या ताटात हा पदार्थ कडू आहे, याची मला कल्पना आहे. पण ज्यांची मुले-नातवंडे समुद्रापलीकडे शिकत आहेत अशी घरे आज आपल्यात थोडी नाहीत.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : कारण आणि निमित्त. म्हातारा माणूस पडसे होऊन गेला, की आपण म्हणतो, "पडशाचं निमित्त झालं." पडशाने मेला असे म्हणत नाही. काळ आलाच होता, त्याला दाराशी उभे राहावयास एक पायरी हवी होती, ती पडशाने दिली. उलट कोणी कोणाच्या दुधात विष कालवले, तर ते निमित्त नव्हे, ते कारण. निमित्ताला आपण दोष देत नाही. कारणाला देतो. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या थोरथोर न्यायाधीशांनी गेली चाळीस वर्षे या विषयावर जी हजारो पाने लिहिली, ती या दोन शब्दांमधल्या बोळकांडीतच फिरत आहेत, असे मला वाचताना वारंवार वाटले.

प्रकरणाला तोंड फुटले ते एका खेळाडूच्या मृत्यूने. लेन बायस हा मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. वय अवघे बावीस. १७ जून १९८६ रोजी बॉस्टन सेल्टिक्स या नामांकित संघाने त्याची निवड केली. साऱ्या देशातून दुसऱ्या क्रमांकाची निवड. त्याच्या घरी आनंदीआनंद झाला असेल. दोनच दिवसांनी, १९ जूनला, वसतिगृहातल्या खोलीत मित्रांच्या बैठकीत घेतलेल्या कोकेनने त्याचे हृदय बंद पडले. ज्या मित्राने ते कोकेन दिले असा आरोप होता, त्याला पुढच्या वर्षी ज्युरीने निर्दोष सोडले. पण तोवर देशभर एवढा क्षोभ उसळला होता, की चार महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९८६ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने अमली पदार्थांविरुद्ध नवा कायदा संमत केला. त्यात एक कलम असे, की विकलेल्या द्रव्याने मृत्यू ओढवला, तर शिक्षा किमान वीस वर्षे. न्यायाधीशाच्या मनात दया आली तरी वीस वर्षांच्या खाली उतरावयाची सोय नाही. पुढे राज्याराज्यांनी आपापले कायदे केले. पेनसिल्व्हेनियात अशा गुन्ह्यास चाळीस वर्षांपर्यंत कैद आहे. काही ठिकाणी वकीलमंडळी या कायद्यांना 'लेन बायस कायदा' असेच म्हणतात. पंचवीस वर्षे हे कायदे बहुतांशी पुस्तकातच होते. फेंटानिल आले, मरणाचे आकडे फुगले, आणि सरकारी वकिलांनी पुस्तकावरची धूळ झटकली.

आकडे फुगले म्हणजे किती? एकट्या २०२२ साली अमेरिकेत १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे अशा द्रव्यांच्या अतिमात्रेने मेली. २०२४ मध्ये हा आकडा बराच खाली आला, तरी तो सुमारे ८० हजार होता. इतक्या आया जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या म्हणावयाच्या.

आता कारणाची गोष्ट. आयोवा राज्यात २०१० च्या एप्रिलमध्ये एक जुना व्यसनी माणूस दिवसभर एकामागून एक काहीबाही घेत होता : गांजा झाला, वेदनाशामक गोळ्या कुटून टोचून घेतल्या, झोपेच्या जातीची औषधे झाली, आणि शेवटी मार्कस बरेज नावाच्या विक्रेत्याकडून एक ग्रॅम हेरॉईन आणून तेही टोचले. मेला. बरेजला वीस वर्षे झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. डॉक्टरांची साक्ष अशी, की हेरॉईनने मरणाला हातभार लागला हे खरे. पण हेरॉईन घेतलेच नसते तर हा माणूस वाचला असता काय, हे आम्ही सांगू शकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकाल लिहिला आणि त्या निर्णयाशी सर्व न्यायाधीश सहमत झाले : हातभार पुरेसा नाही. 'हे नसते तर ते झाले नसते', असे सिद्ध झाले पाहिजे. बरेजची ती वीस वर्षांची शिक्षा रद्द झाली. विक्रीचा गुन्हा अर्थातच राहिला.

हे वाचले आणि मला कॉलेजात संस्कृत शिकविणारे आमचे वृद्ध गुरुजी आठवले. न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक त्यांनी आम्हांला असाच शिकविला होता : जे असता कार्य होते आणि जे नसता होत नाही, ते कारण. आणि मग कुंभाराच्या गाढवाची गोष्ट. घट होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव तेथे होतेच. मग गाढव हे घटाचे कारण का नव्हे? तर नव्हे, कारण माती दुसऱ्या कशानेही आणता आली असती, गाढव 'अन्यथासिद्ध'. आम्ही पोरे तेव्हा गाढवाच्या नावाने हसत होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका माणसाच्या आयुष्यातली वीस वर्षे त्याच गाढवावर टांगलेली असतील, असे तेव्हा कोणाला वाटले असते!

गंमत बाजूला ठेवू. गाढवाचा प्रश्न त्या न्यू जर्सीच्या मुलाला अगदी जसाच्या तसा लागू पडतो. फोनवर तिसराच कोणी होता. त्याच्यामागे चौथा होता. कोठेतरी दूर, बहुधा मेक्सिकोत, एका यंत्राखाली खोट्या गोळ्यांवर खरा ठसा उठविणारा पाचवा होता. मुलगा गेला नसता तर मित्र स्वतःच गेला असता. पण हा व्यतिरेक कोर्ट मानीत नाही. कोर्ट पाहते ते शेवटचा हात.

आणि हात कोणाचा, हे मोजणे किती चमत्कारिक होते पाहा. न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयापुढे २००६ साली एक प्रकरण आले. दोन मित्रांनी पैसे एकत्र केले, मिळून गेले, मिळून हेरॉईनच्या चार पुड्या घेतल्या. त्यातला एक मेला. न्यायालयाने म्हटले, की दोघांनी एकाच वेळी, एकाच हेतूने माल ताब्यात घेतला असेल, तर त्यातल्या एकाने दुसऱ्याला तो 'वाटला' असे होत नाही. जे आधीच दोघांचे आहे ते एक दुसऱ्याला काय देणार? मित्र सुटला. म्हणजे मावसबहिणीच्या शेजारची ती दोन मुले त्या रात्री एकाच गाडीत बसून गेली असती, तर दुसऱ्याच्या वकिलाला हाच निकाल पुढे करता आला असता. एकजण घरी टीव्हीपुढे बसला आणि दुसरा म्हणाला असेल, "तू बस, मी आलोच," त्या एका मैत्रीच्या वाक्याने सारा फरक पडला. मी हे तिला फोनवर सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

इंग्लंडात ही गोष्ट निराळ्या वाटेने गेली. १९९६ च्या सप्टेंबरात एका वसतिगृहात एकाने सायमन केनेडीजवळ झोप येईल असे काहीतरी मागितले. केनेडीने हेरॉईनची पिचकारी भरून त्याच्या हातात दिली. त्याने ती स्वतः टोचून घेतली आणि तासाभरात मेला. केनेडीला मनुष्यवधाबद्दल पाच वर्षे झाली. शिक्षा भोगून झाली तरी खटला चालूच राहिला. दोनदा अपील फेटाळले गेले आणि अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये, जे तेव्हा त्या देशाचे सर्वोच्च न्यायपीठ होते त्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल रद्द केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जाणता, शहाणा, मोठा माणूस जेव्हा आपल्या हाताने सुई टोचतो, तेव्हा ते त्याचे कृत्य असते. त्याच्या स्वेच्छेच्या कृत्यापाशी कारणाची साखळी तुटते. देणाऱ्याला माल दिल्याबद्दल शासन करा, मरणाबद्दल नाही. आणि असे कधी करता येईल, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर 'कधीही नाही' असे स्वच्छ आहे.

पण इंग्लंडनेही एक दार उघडे ठेवले. हेरॉईन देणाऱ्या एका तरुणीने, घेणारी आपली सोळा वर्षांची सावत्र बहीण डोळ्यांदेखत निळी पडते आहे हे पाहूनही पोलिसांच्या भीतीने कोणाला बोलाविले नाही. तिला २००९ मध्ये अपील न्यायालयाने सोडले नाही. धोका तू निर्माण केलास, धोका तुला दिसला, मग मदत आणणे तुझे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले. मला स्वतःला हा निकाल सर्वांत पटला. दोष देण्यात नव्हता तितका पाठ फिरविण्यात होता.

येथेच अमेरिकेतल्या कायद्याची खरी मेख आहे. ज्याला फेंटानिल चढले आहे त्याला वाचविणे अशक्य नसते. नॅलॉक्सोन नावाचे औषध नाकात फवारले, की ते मेंदूतल्या त्याच जागा पकडून बसते आणि श्वास पुन्हा चालू होतो. दोन-तीन मिनिटांचा खेळ. २०२३ पासून हे औषध तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळते. पण ते फवारावयास, निदान रुग्णवाहिका बोलवावयास, शेजारी कोणी जागे असले पाहिजे. आणि शेजारी असतो तो बहुधा ज्याने आणले तोच! त्याला फोन उचलताना जर 'वीस वर्षे' आठवली, तर? २००७ साली न्यू मेक्सिको राज्याने प्रथम असा कायदा केला, की मदतीसाठी फोन करणाऱ्यावर द्रव्य बाळगल्याचा खटला भरणार नाही. मग बहुतेक राज्यांनी तसे केले. परंतु हे अभय बहुतेक ठिकाणी बाळगण्यापुरते; मरणाच्या आरोपापासून नव्हे. एका हाताने 'फोन कर' म्हणावयाचे आणि दुसऱ्या हातात बेडी धरावयाची, असा हा प्रकार आहे.

आणि शिक्षा होते ती कोणाला? आपली समजूत अशी, की माल विकणारा म्हणजे काळा चष्मा लावलेला, नोटांची पुडकी मोजणारा सिनेमातला खलनायक. आपल्याकडे 'गर्द' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत आणला तो डॉ. अनिल अवचटांच्या लेखनाने. त्यातूनच १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले आणि डॉ. अनिता अवचटांनी ते चालविले. तेव्हापासून निदान मराठी वाचकाला तरी ठाऊक आहे, की पुडी विकणारा पुष्कळदा स्वतःच पुडी ओढणारा असतो. आपल्यापुरती सुटावी म्हणून चार विकतो. अमेरिकेतल्या या खटल्यांतही मित्र, प्रेयसी, भाऊ, नवरा यांची गर्दी आहे. ते सापडतात, कारण ते पळून जात नाहीत. प्रेताजवळ रडत बसलेले असतात.

बडी धेंडे अगदीच सुटतात असे मात्र नाही. 'ब्लूज ब्रदर्स'चा विनोदी नट जॉन बेलुशी १९८२ साली हॉलिवुडच्या हॉटेलात मेला, तेव्हा त्याला सुई टोचणाऱ्या कॅथी स्मिथने एका साप्ताहिकाला मुलाखत देऊन स्वतःच फास ओढवून घेतला; तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले पंधरा महिने तिने भोगले. मायकेल जॅक्सनच्या डॉक्टरला २०११ मध्ये मनुष्यवधाबद्दल चार वर्षे झाली. कॅलिफोर्नियातल्या डॉ. लिसा त्सेंग हिने औषधांच्या चिठ्ठ्या अशा काही सढळ हाताने वाटल्या, की तीन रुग्णांच्या मृत्यूबद्दल २०१५ मध्ये ज्युरीने तिला चक्क खुनी ठरविले. शिक्षा तीस वर्षे ते जन्मठेप. आणि 'फ्रेंड्स' मालिकेतला मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये केटामिनने गेला, त्या प्रकरणात माल पुरविणाऱ्या बाईने २०२५ मध्ये 'मृत्यू ओढवणारे वितरण' असा गुन्हा कबूल केला. मरणारा नामवंत असला, की साखळी वरपर्यंत जाते, असे एखादा कुजकट माणूस म्हणेल. मी म्हणत नाही.

पण साखळीचे वरचे टोक याहूनही वर आहे, आणि तेथे एक नाव आपल्या परिचयाच्या मातीतले निघते. जॉन कपूर हे अमृतसरचे. मुंबईत औषधशास्त्र शिकले, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट मिळविली, कंपन्या काढल्या, अब्जाधीश झाले. परदेशी गेलेल्या मुलांची जी यशोगाथा आपण अभिमानाने सांगतो, तीच ही. त्यांच्या इन्सिस कंपनीचा फेंटानिलचा फवारा कर्करोगाच्या असह्य वेदनांसाठी होता. तो इतरांनाही लिहून द्यावा म्हणून डॉक्टरांना व्याख्यानांच्या मानधनाच्या नावाखाली लाच दिली गेली. मे २०१९ मध्ये बॉस्टनच्या ज्युरीने कपूर यांना दोषी ठरविले आणि जानेवारी २०२० मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप कटाचा; मरणाचा नव्हे. ऑक्सिकॉन्टिनवाल्या पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गुन्हा कबूल केला; पहिल्या खेपेस ६० कोटी डॉलर भरले, तीन अधिकाऱ्यांनी आणखी साडेतीन कोटींच्या आसपास भरले. तुरुंगात कोणी गेले नाही. कंपनीला गजाआड कसे घालणार? तिला मान नाही, मनगट नाही. मग ज्याला मनगट आहे अशा वीस वर्षांच्या पोराला बेडी बसते.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, असे वाचक विचारतील. आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. तो वजन मोजतो. हेरॉईन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, अडीचशे ग्रॅमच्या वर असेल तर व्यापारी प्रमाण, आणि त्याप्रमाणे शिक्षा. मरणाचा प्रश्न उठला, की सर्वसाधारण दंडविधानाकडे धाव घ्यावी लागते. तेथे आपल्याला जुना अनुभव आहे तो गर्दचा नव्हे, हातभट्टीचा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत दारू म्हणून मिथेनॉल मिसळलेले विष विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. हातावर पोट असलेली माणसे. कित्येक घरांतला एकुलता कमावता हात गेला. निकाल लागावयास २०२४ उजाडले. चौदा आरोपींपैकी दहा सुटले. चौघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षे सक्तमजुरी झाली. केरळात २००० सालच्या कल्लुवातुक्कल प्रकरणात एकतीस माणसे मेली, तेव्हा मणिचन नावाच्या दारूसम्राटाला जन्मठेप झाली, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. तेथे न्यायालयाने शेवटचा हात नव्हे, तर पहिला हात पकडला, हे मला विशेष वाटले.

हातभट्टीच्या प्रकरणात मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, जी अमेरिकन निकालांच्या ढिगात दिसत नव्हती. मालवणीच्या मजुराने दारू मागितली होती. मिथेनॉल मागितले नव्हते. केनेडीच्या सोबत्याने हेरॉईन मागितले आणि त्याला हेरॉईनच मिळाले. या दोन मरणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि विष ओतणाऱ्याला ठाऊक आहे. दुसऱ्यात दोघांनाही ठाऊक आहे. माझे मत विचाराल, तर ज्याला आत काय आहे हे ठाऊक होते आणि ज्याने ते लपविले, तो मरणाचे कारण. मग तो गुत्तेवाला असो, गोळीवर खोटा ठसा मारणारा असो, की गुळगुळीत टेबलाशी बसून डॉक्टरांना मानधने वाटणारा असो. पण न्यू जर्सीच्या त्या तळघरात तिसराच प्रकार घडला : देणाऱ्याला ठाऊक नव्हते, घेणाऱ्यालाही नव्हते. त्या मुलाने स्वतः तीच गोळी खाल्ली, हाच त्याच्या अज्ञानाचा पुरावा. न्यू जर्सीचा कायदा हा फरक ओळखत नाही. तो निमित्तालाच कारण म्हणतो.

हे सारे मी मावसबहिणीला मोठ्या उत्साहाने फोनवर समजावून सांगितले. कुंभाराचे गाढवसुद्धा सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "दादा, तुझं सगळं बरोबर असेल. पण ज्याची आई जिन्यातून परत गेली, तिला हे गाढव तू सांगशील का? ती म्हणते, माझा मुलगा गोळ्या आणायला घराबाहेर पडला नव्हता. घरात आणून दिल्या त्याला. कोणीतरी आणल्या ना? तिला कोणीतरी हवं आहे रे. मेक्सिकोतला माणूस तिला दिसत नाही. समोरच्या घरातला दिसतो."

मी निरुत्तर झालो. शिक्षा ठरण्याच्या दिवशी तेथे मृताच्या घरच्यांना न्यायाधीशापुढे बोलावयास देतात. ही आई उठली. लिहून आणलेला कागद तिच्या हातात होता. तो तिने वाचलाच नाही. आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहून तिने त्या मुलाला त्याच्या घरातल्या लाडक्या नावाने हाक मारली आणि मराठीत विचारले, "तू जागा झालास तेव्हा तो गार होता का रे?" दुभाष्याला बोलावावे की काय, हे कोणाला सुचेना. मुलाने मान हलविली. ती होय अशी होती की नाही अशी, हे मावसबहिणीला मागच्या बाकावरून दिसले नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या एका दुकानात ती सामान आणावयास गेली होती. त्या दिवसांत तेथे पणत्या, उटणे, चिवड्याचे पोहे यांसाठी आपल्या तुळशीबागेसारखी झिम्मड असते. पैसे देण्याच्या रांगेत तिच्यापुढे एक मैत्रीण होती आणि पाठीमागे दुसरी. एकीच्या टोपलीत नुसती कणीक आणि दूध. दुसरीच्या टोपलीत बेसन, साखर, साजूक तूप. तुरुंगात भेटीस जाताना घरचे काही नेऊ देत नाहीत हे ठाऊक असूनही तिने लाडवांचे सामान घेतले होते. दोघींनी एकमेकींना पाहिले. कोणी बोलले नाही.

"मग तू जातेस तरी कोणाकडे?" मी विचारले.

"दोघींकडे," ती म्हणाली. "एकीकडे मंगळवारी, दुसरीकडे शुक्रवारी. गाडी मात्र पलीकडच्या गल्लीत लावते."